घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मशीन लर्निंग: सायकिट-लर्न नीट कसं बसवायचं

मशीन लर्निंग शिकायचं म्हणजे आधी महागडं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, असं जे सगळीकडे सांगतात ना, ते सुरुवात करणाऱ्याला लागू होत नाही. माझ्या आजूबाजूला, म्हणजे भांडुप-मुलुंड पट्ट्यात, बीएस्सी आयटी आणि इंजिनिअरिंगची कितीतरी पोरंपोरी अशी आहेत की घरात एकच कॉम्प्युटर, त्यावरच बाबांचं टॅली, त्यावरच ताईच्या ट्युशनच्या नोट्स, आणि रात्री साडेनऊनंतर तो मोकळा मिळतो तेव्हा यांचा अभ्यास. त्या मुलांना कोणीतरी सांगतं की पन्नास हजारांचं कार्ड घे मगच काय ते कर, आणि पोरं तिथेच थांबतात. याचा मला खरंच त्रास होतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, आहे त्या मशीनवर, घरातल्या बाकीच्यांच्या कामाला धक्का न लावता कसं करायचं ते.

सुरुवात सायकिट-लर्नने करा, ते म्हणजे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली मशीन लर्निंगची लायब्ररी, तयार कोडचा संच. २००७ मध्ये गूगलच्या समर ऑफ कोडमधला एक प्रोजेक्ट म्हणून डेव्हिड कूर्नापो यांनी ते सुरू केलं, २०१० मध्ये पहिली जाहीर आवृत्ती आली, आणि आजही पूर्ण फुकट आहे. ते प्रोसेसरवरच चालतं, ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. पायटॉर्च, टेन्सरफ्लो या डीप लर्निंगच्या, म्हणजे मोठ्या न्यूरल नेटवर्कच्या, लायब्ररी ही नंतरची गोष्ट, त्याबद्दल खाली सांगते.

कमांडबद्दल आधीच सांगून ठेवते, मी त्या इथे बोलल्यासारख्या लिहिणार आहे, तुम्ही टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, आणि जिथे कॅपिटल लागेल तिथे मी मुद्दाम सांगेन.

पहिलं काम मशीन काय आहे ते बघायचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट, तिथे प्रोसेसर, रॅम आणि ६४ बिट आहे का ३२ बिट ते लिहिलेलं असतं. ६४ बिट पाहिजेच. रॅम ४ जीबी असली तरी सायकिट-लर्न चालतं, ब्राउझरचे पंधरा टॅब बंद ठेवायचे एवढंच, ८ जीबी असेल तर अगदी आरामात. डिस्कवर दहा जीबी तरी मोकळी ठेवा. विंडोज ७ असेल तर मात्र अडचण आहे, कारण त्यावर चालणारं शेवटचं पायथन ३.८ आणि आताच्या लायब्ररी त्याला कधीच सोडून पुढे गेल्यात, अशा मशीनवर सरळ लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका, जुनी मशीन त्यावर चांगली पळतात. फक्त टॅली त्याच मशीनवर असेल तर आधी घरात विचारा, परस्पर विंडोज उडवू नका.

थोडे पैसे घालायची तयारी असेल तर ते रॅममध्ये आणि एसएसडीमध्ये घाला. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचं, पण जाताना जुनी रॅमची पट्टी काढून सोबत न्या, नुसतं मॉडेल नंबर सांगून घेऊ नका. पट्टीवरच्या स्टिकरवर पीसी३ लिहिलंय म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४, आणि पीसी३ च्या पुढे एल असेल तर ती कमी व्होल्टेजची, १.३५ व्होल्टची. एल वाल्या लॅपटॉपला साधी पीसी३ पट्टी खाचेत बसते पण मशीन चालू होईलच असं नाही, आणि मग परत ट्रेन पकडून बदलायला जावं लागतं. दुकानातच लावून, चालू करून, सेटिंग्जमध्ये आकडा वाढलेला बघूनच पैसे द्या.

आता पायथन. ते पायथन डॉट ऑर्गवरूनच घ्या, दुसऱ्या कुठल्याही साईटवरून नको. कुठली आवृत्ती घ्यायची यावर माझं ठाम मत आहे: सगळ्यात नवी घेऊ नका, तिच्या एक मागची घ्या. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला येते, पण लायब्ररीवाल्यांना तिच्यासाठी तयार फाईली बनवायला वेळ लागतो. तयार फाईल नसली की पिप, म्हणजे पायथनच्या लायब्ररी बसवणारं टूल, काय करतं, तर मूळ कोड उतरवून तुमच्याच मशीनवर बांधायला बसतं आणि मग लाल अक्षरांत येतं की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ पाहिजे. ती ओळ वाचून लोक काही जीबीची व्हिज्युअल स्टुडिओची टूल्स उतरवत बसतात. काही गरज नाही हो, बहुतेक वेळा पायथन एक आवृत्ती मागचं घेतलं की प्रश्न मिटतो.

इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच खिडकीत तळाशी एक चौकोन असतो, पायथन पाथमध्ये ॲड करू का विचारणारा, त्यावर टिक करायची आणि मगच इन्स्टॉल नाऊ दाबायचं. शेवटी पाथ लेंथ लिमिट काढू का असं विचारेल, हो म्हणा, कारण विंडोजला २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता चालत नाही आणि या लायब्ररींचे फोल्डर एकात एक खूप खोल जातात.

मग स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. मी मुद्दाम पॉवरशेल म्हणत नाहीये, कारण त्यात पुढे एक अडथळा येतो तो नवीन माणसाला घाबरवतो. तिथे ‘पायथन’, स्पेस, दोन डॅश आणि लगेच चिकटून ‘व्हर्जन’ असं टाका. आकडा आला की झालं. आकड्याऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर घाबरू नका, विंडोजने त्या नावाचा एक शॉर्टकट स्वतःच ठेवलेला असतो. सेटिंग्जच्या ॲप्समध्ये ॲप एक्झिक्युशन एलियासेस शोधायचं, तिथे पायथनच्या नावाची दोन बटणं असतात ती बंद करायची, आणि कमांड प्रॉम्प्ट बंद करून परत उघडायचा. परत उघडायचं विसरतात लोक आणि म्हणतात काही फरक पडला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथे जरा थांबून करा: वेगळं एन्व्हायर्नमेंट. घरात स्वयंपाकघर एकच असलं तरी उपासाचे डबे आपण वेगळे ठेवतो ना, तसंच. प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्ररी त्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये राहतात, एकाने नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची नवी आवृत्ती मागितली तरी दुसऱ्याचं काम मोडत नाही. नमपायची २.० आवृत्ती २०२४ च्या जूनमध्ये आली तेव्हा जुन्या आवृत्तीवर बांधलेली कितीतरी पॅकेजं एकदम बंद पडली होती, आणि ज्यांनी सगळं एकाच ठिकाणी टाकलं होतं त्यांचे चालू प्रोजेक्ट त्यात अडकले. घरात कॉम्प्युटर सामायिक असेल, ताईलाही तिच्या कामासाठी पायथन लागत असेल, तर हे अजूनच गरजेचं. शिवाय काही बिनसलं तर तो एक फोल्डर डिलीट करायचा, बाकी मशीनला काही होत नाही.

फोल्डर सी किंवा डी ड्राईव्हवर अगदी वरच बनवा, नाव इंग्रजीत, लहान, मधे स्पेस नको. डेस्कटॉपवर नको, कारण पुष्कळ मशीनवर डेस्कटॉप वनड्राईव्हला जोडलेला असतो आणि मग ते हजारो छोट्या फाईली क्लाउडवर चढवत बसतं, तुमचा नेटचा डेटा त्यातच संपतो. समजा डी ड्राईव्हवर ‘शिका’ नावाचा फोल्डर केला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डी’ आणि कोलन टाकून एंटर, मग ‘सीडी’, स्पेस, फोल्डरचं नाव असं करून त्या फोल्डरमध्ये जायचं आणि लिहायचं ‘पायथन’, स्पेस, एक डॅश आणि चिकटून ‘एम’, स्पेस, ‘व्हेन्व्ह’, स्पेस, ‘एमएल’. व्हेन्व्ह म्हणजे व्ही ई एन व्ही, आणि लिनक्सवर इथे सुरुवातीला ‘पायथन’च्या जागी ‘पायथन३’. मिनिटभर काही दिसणार नाही, थांबा, मग एमएल नावाचा फोल्डर तयार होतो. तो चालू करायला ‘एमएल’, उलटा स्लॅश, ‘स्क्रिप्ट्स’, उलटा स्लॅश, ‘ॲक्टिव्हेट’. लिनक्सवर तेच ‘सोर्स’, स्पेस, ‘एमएल’, सरळ स्लॅश, ‘बिन’, सरळ स्लॅश, ‘ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात एमएल दिसायला लागलं की तुम्ही आत आहात. दर वेळी नवीन खिडकी उघडली की हे परत करावं लागतं. पॉवरशेलमध्ये केलंत तर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे असं लाल अक्षरांत येईल, तो अडथळा हाच, त्यासाठी सिक्युरिटीच्या सेटिंग बदलत बसू नका, साधा कमांड प्रॉम्प्ट घ्या.

उबंटूवाल्यांसाठी एक: आत न जाता सरळ पिप इन्स्टॉल केलंत तर नव्या उबंटूत ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवतात. ते बरोबरच आहे, कारण सिस्टीमची स्वतःची कामं पायथनवर चालतात. त्यावर जबरदस्ती करणारे उपाय सापडतील, ते करू नका, व्हेन्व्ह करा. व्हेन्व्ह नाही असं म्हणाला तर आधी एपीटीने, म्हणजे उबंटूच्या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडने, ‘पायथन३-व्हेन्व्ह’ बसवा.

आत गेल्यावर ‘पायथन’, स्पेस, ‘डॅश एम’, स्पेस, ‘पिप’, स्पेस, ‘इन्स्टॉल’, आणि पुढे नावं, मधे फक्त स्पेस देऊन: सायकिट-लर्न, पांडाज, मॅटप्लॉटलिब, जुपिटर. पांडाज तक्त्यातला डेटा वाचायला, मॅटप्लॉटलिब ग्राफ काढायला, जुपिटर ब्राउझरमध्ये कोड लिहायला. सायकिट-लर्नचं स्पेलिंग नीट बघा, एस सी आय के आय टी, हायफन, एल ई ए आर एन. पुष्कळ जण ‘एसकेलर्न’ नावाने बसवायला जातात, ते नाव कोडमध्ये वापरायचं, बसवताना नाही. आणि नुसतं पिप न लिहिता पायथन डॅश एम पिप का, तर मशीनवर दोन-तीन पायथन असले की नुसतं पिप कुठल्या पायथनमध्ये टाकेल याचा भरवसा नसतो, असं लिहिलं की ज्या पायथनने चालवताय त्यातच जातं.

सगळं मिळून शंभर-दीडशे एमबी उतरतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करत असाल तर मधे टाइमआउट येऊ शकतो, शेवटच्या ओळीत रीड टाइमआउट दिसेल. तीच कमांड परत द्या, पूर्ण उतरलेल्या फाईली पिपने कॅशमध्ये ठेवलेल्या असतात, त्या परत उतरत नाहीत. तरी होत नसेल तर कमांडच्या शेवटी दोन डॅश, टाइमआउट, स्पेस, १०० जोडा.

नेट अगदीच कमी असेल तर पेन ड्राईव्हचा रस्ता आहे आणि हा फार कमी लोकांना माहीत असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राकडे, जिथे नेट चांगलं आहे तिथे, इन्स्टॉलच्या जागी ‘डाउनलोड’ लिहायचं, मग डॅश डी आणि पेन ड्राईव्हवरच्या फोल्डरचा पत्ता, मग तीच सगळी नावं. सायकिट-लर्नला लागणाऱ्या सगळ्या फाईली, सायपाय, नमपायसकट, तिथे जमा होतात. घरी येऊन इन्स्टॉल लिहायचं, पुढे दोन डॅश ‘नो-इंडेक्स’, दोन डॅश ‘फाइंड-लिंक्स’, फोल्डरचा पत्ता, आणि नावं. नेट अजिबात लागत नाही. अट एकच, दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम तीच पाहिजे. फाईलच्या नावातच ते लिहिलेलं असतं, बघा, सीपी३१२ म्हणजे पायथन ३.१२ साठी, विन एएमडी६४ म्हणजे ६४ बिट विंडोजसाठी. एएमडी वाचून इंटेलवाल्यांनी काळजी करू नये, ते दोन्हीवर चालतं. लॅबमध्ये ३.१२ आणि घरी ३.१३ असेल तर सीपी३१२ वाल्या फाईली घरी बसणार नाहीत, म्हणून लॅबमधून निघायच्या आधी तिथला आकडा बघून ठेवा.

बसलं की नाही ते तपासायला जुनीच पण चांगली गोष्ट वापरा, आयरिस फुलांचा डेटा. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये छापलेला, १५० फुलं, तीन जाती, प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक फुलाची चार मापं. तो लायब्ररीच्या आतच येतो, वेगळा उतरवावा लागत नाही. नोटपॅडमध्ये फाईल करा, नाव ‘चाचणी’ वगैरे काहीही द्या इंग्रजी अक्षरांत, शेवटी डॉट पीवाय, पण फाईलला एसकेलर्न डॉट पीवाय किंवा पांडाज डॉट पीवाय असं नाव कधीच देऊ नका. तसं केलंत की पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाईल उचलतं आणि जे एरर येतात त्यातून कारण काही केल्या कळत नाही.

फाईलमध्ये पहिली ओळ: फ्रॉम एसकेलर्न डॉट डेटासेट्स इम्पोर्ट लोड अंडरस्कोर आयरिस. दुसरी: फ्रॉम एसकेलर्न डॉट मॉडेल अंडरस्कोर सिलेक्शन इम्पोर्ट ट्रेन अंडरस्कोर टेस्ट अंडरस्कोर स्प्लिट. तिसरी: फ्रॉम एसकेलर्न डॉट ट्री इम्पोर्ट डिसिजनट्रीक्लासिफायर, हे तिन्ही शब्द जोडून आणि डी, टी, सी कॅपिटल. मग लोड आयरिसच्या कंसात रिटर्न अंडरस्कोर एक्स अंडरस्कोर वाय इक्वल्स ट्रू, यात एक्स कॅपिटल, वाय लहान, आणि ट्रूचा टी कॅपिटल, इथेच पुष्कळ जणांचं चुकतं. ते एक्स आणि वायमध्ये घ्यायचं, ट्रेन टेस्ट स्प्लिटला द्यायचं, तो चार भाग परत देतो, ११२ फुलं शिकायला आणि ३८ परीक्षेला. मग क्लासिफायर बनवून डॉट फिटमध्ये शिकायचे भाग द्या आणि डॉट स्कोअरमध्ये परीक्षेचे, तो स्कोअर प्रिंट करा. फाईल ‘शिका’ फोल्डरमध्ये सेव्ह करून, कंसात एमएल दिसणाऱ्या खिडकीत ‘पायथन’, स्पेस, फाईलचं नाव द्या. साधारण ०.९ च्या वर आकडा येतो. दर वेळी थोडा बदलतो कारण वाटणी दर वेळी नव्याने होते, तोच पाहिजे असेल तर स्प्लिट आणि क्लासिफायर दोन्हीत रँडम अंडरस्कोर स्टेट इक्वल्स ४२ किंवा कुठलाही आकडा द्या.

एरर आला तर वरून वाचायला जाऊ नका, सगळ्यात खालची ओळ वाचा, कारण तिथे असतं. मॉड्यूल नॉट फाउंड म्हणत असेल तर दहातल्या आठ वेळा कंसातलं एमएल दिसत नसतं, म्हणजे ॲक्टिव्हेट केलेलंच नाही. ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन’ म्हणत असेल तर पायथन फार नवं, फार जुनं, किंवा ३२ बिट आहे, नाहीतर नावाचं स्पेलिंग चुकलंय.

हे चाललं की लगेच स्वतःचा डेटा घ्या. घरचं लाइटबिल काढा, बेस्टचं असो नाहीतर दुसऱ्या कंपनीचं, बहुतेक बिलांवर मागच्या महिन्यांचे युनिट असतात, ते एक्सेलमध्ये भरा, महिना, युनिट, एसी किंवा पंखे किती चालले ते. बारा ओळींवरून भविष्य सांगता येत नाही, पण स्वतःची फाईल वाचून मॉडेलपर्यंत नेण्याची सवय होते. आणि इथे मराठीत काम करणाऱ्यांना काही गोष्टी नडतात, त्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाहीत. सेव्ह करताना नुसतं सीएसव्ही न निवडता सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर ‘महिना’ च्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पांडाजने वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे पहिल्या कॉलमच्या नावाला अदृश्य अक्षर चिकटत नाही. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच भरा. देवनागरी अंक भरले तर पांडाज त्यांना आकडा न समजता मजकूर समजतं आणि पुढे बेरीज-सरासरी सगळी अडते. ग्राफवर मराठी नावं दिली की मॅटप्लॉटलिबमध्ये चौकोन दिसतात, कारण त्याच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर फॉन्ट निर्मला यूआय लावला की अक्षरं येतात, पण वेलांट्या-जोडाक्षरं जागेवर बसतीलच असं नाही, म्हणून ग्राफवरची नावं मी अजून इंग्रजीतच ठेवते.

कोणाला पावसाच्या आकड्यांवर करायचं असेल, मुंबईकराला ते करावंसं वाटतंच, तर ठिकाणाचा कॉलम वेगळा ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नाही. शहर एकच, पण दोघांची सरासरी काढून ‘मुंबईचा पाऊस’ असा एक आकडा मॉडेलला दिलात तर तो कुठल्याच ठिकाणचा राहत नाही.

मोठं मॉडेल शिकवताना एन अंडरस्कोर जॉब्स नावाची एक सेटिंग दिसेल, तिला उणे एक दिलं की प्रोसेसरचे सगळे कोर वापरले जातात. कॉम्प्युटरवर त्याच वेळी घरातलं दुसरं कोणी काम करत असेल तर दोनच द्या, म्हणजे त्यांची स्क्रीन अडकणार नाही. लॅपटॉप गादीवर ठेवून हे करू नका, खालची हवा बंद होते, मे महिन्यात तर आधीच तापलेला असतो, टेबल नसेल तर पाट चालेल.

आता पायटॉर्च. सायकिट-लर्नवर महिना-दोन महिने हात बसला आणि डीप लर्निंग करायचंय असं ठरलं की मगच. त्यासाठी नवं एन्व्हायर्नमेंट करा, आधीच्यात टाकू नका. विंडोजवर पिपने नुसतं ‘टॉर्च’ बसवलं तर प्रोसेसरवर चालणारी आवृत्ती येते, शिकायला ती पुरते. लिनक्सवर मात्र तीच कमांड एनव्हिडियाच्या सगळ्या फाईली ओढते, काही जीबी होतात, म्हणून कार्ड नसेल तर पायटॉर्चच्या साईटवर जाऊन तिथल्या तक्त्यात सीपीयू निवडायचं आणि ते जी कमांड देतील तीच कॉपी करायची. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच तक्त्यात कुडा, म्हणजे त्या कार्डवर हिशेब चालवायची एनव्हिडियाची सोय, निवडा. कुडाचं मोठं टूलकिट वेगळं बसवायची गरज नाही, लागणारा भाग पायटॉर्चसोबत येतो, तुमच्याकडे फक्त कार्डचा ड्रायव्हर ताजा पाहिजे. एनव्हिडिया-एसएमआय कमांड दिली की वरच्या कोपऱ्यात कुडाचा आकडा दिसतो, तो ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठपर्यंत चालवू शकतो त्याचा आहे, त्याच्या आतलं निवडायचं. शेवटी पायथनमध्ये टॉर्च डॉट कुडा डॉट इज अंडरस्कोर अव्हेलेबल आणि रिकामा कंस, ट्रू आलं की कार्ड लागलं.

टेन्सरफ्लोचं थोडक्यात. विंडोजवर थेट ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय २.१० आवृत्तीनंतर बंद झाली, त्यासाठी विंडोजच्या आतलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल२, लागतं. शिवाय १.६ पासून त्याच्या तयार फाईलींना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाची वेगवान आकडेमोडीची सोय पाहिजे, जुन्या सेलेरॉन-पेंटियममध्ये ते नसतं, मग इम्पोर्ट करताच प्रोग्राम बंद पडतो. अशा मशीनवर त्याच्या मागे लागू नका.

सगळं नीट चालायला लागलं त्याच दिवशी एक काम करून ठेवा: पायथन डॅश एम पिप फ्रीझ, मग ‘पेक्षा मोठं’ याचं चिन्ह (>), मग रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी. कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती आहे ती यादी त्या फाईलमध्ये उतरते. मशीन फॉरमॅट झालं, किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तेच उभं करायचं असलं, तर नवं व्हेन्व्ह करून इन्स्टॉल, डॅश आर आणि त्या फाईलचं नाव. एमएलचा फोल्डर तसाच कॉपी करून नेऊ नका, त्याच्या आत जुन्या मशीनचे पत्ते लिहिलेले असतात, तो दुसरीकडे चालत नाही. फक्त ती छोटी यादी आणि तुमच्या कोडच्या फाईली पेन ड्राईव्हवर घ्या.